गाळा गेला तर जाऊ द्या

प्रिय ताई,

माझं वय ४२. एका कंपनीच्या हिशेब खात्यात १८ वर्षं नोकरी करतेय. शाळेत असताना हातात आलेलं शाईचं पेन अजून सुटलेलं नाही. आज माझ्याकडे १४० पेनं आहेत, शाईच्या बाटल्या मोजायचं सोडून दिलंय. आमचा पेनवेड्यांचा ३०० जणांचा ग्रुप आहे. तिथे सगळे म्हणतात, ‘तू दुकान काढच, आम्ही आहोत.’ माझ्या डोळ्यांसमोर फक्त पेनं, शाई आणि चांगला कागद यांचं छोटंसं दुकान आहे. लाकडी फळ्या, पिवळसर उजेड, खिडकीशी एक टेबल. लोकांनी तिथे बसावं, लिहून बघावं. एक गाळाही सापडलाय, कोपऱ्यावरचा, मोठ्या काचेचा. मालक म्हणतात, १५ दिवसांत काय ते सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. करार तीन वर्षांचा. साठवलेले पैसे आहेत, थोडं कर्ज काढावं लागेल. नवरा म्हणतो, ‘तुझं तू ठरव’, आणि त्यातून काहीच कळत नाही. मी वेडेपणा करतेय का? आणखी एक. माझ्या संग्रहातली पेनं दुकानात विकायला ठेवली तर चालेल का?

– शाईवेडी

प्रिय शाईवेडी,

वेडेपणाचं नंतर बघू. आधी गाळामालकांना फोन करून सांगा की १५ दिवसांत माझ्याच्याने ठरणार नाही. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ हे वाक्य मी आजवर ज्या ज्या गाळामालकाशी बोलले त्या प्रत्येकाने मला ऐकवलंय. एकदा ते खरंही निघालं. गाळा गेला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. वर्षभरात त्याच काचेवर पुन्हा ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लागली होती.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात लाकडी फळ्या आहेत, उजेडाचा रंग आहे, खिडकीशी टेबल आहे. आकडेही आहेत: ४२, १८, १४०, ३००, १५. पण भाडं किती, पहिला माल किती पैशांचा भरणार, महिन्याला किती विकलं तर भागेल, यातलं एक अक्षर नाही. हिशेब खात्यात १८ वर्षं काढलेल्या बाईंच्या पत्रात! तुम्हाला हिशेब येत नाही म्हणून तो राहिला, असं कोण म्हणेल? मांडला तर काय उत्तर येईल याची धास्ती असावी. मला हे कळतं, कारण मीही मांडला नव्हता. चित्रकलेच्या साहित्याचं दुकान मी सात वर्षं चालवलं. त्यातली शेवटची सव्वा वर्षं चालवायला नको होती. ते पुढे सांगते.

पेनांवर तुमचा जीव आहे यात शंका नाही. पण पेनांच्या दुकानाचा हिशेब पेनांनी होत नाही, माणसांनी होतो. एक माणूस वर्षातून किती वेळा येईल आणि अशी माणसं किती लागतील, एवढंच शोधायचंय. बाकीचं सगळं यातून निघतं.

आता पेनाची अडचण बघा. ते संपतच नाही. बरं शाईचं पेन नीट वापरलं तर ३०-४० वर्षं चालतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! शाईचं गणितही तुमच्याच टेबलावर आहे. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनाच्या आतल्या शाई ओढून घेणाऱ्या नळीत, पाऊण ते एक मिली शाई मावते. ५० मिलीची बाटली म्हणजे ५० ते ६५ वेळा पेन भरलं. दर आठवड्याला एकदा भरणारा माणूस, म्हणजे खरोखर लिहिणारा माणूस, एका बाटलीवर वर्ष काढतो. तुमचं सगळ्यात प्रामाणिक गिऱ्हाईक वर्षाला एक बाटली आणि चार-सहा वह्या नेणार. त्याच्यावर दुकान चालत नाही.

मग चालतं कोणावर? ज्यांना गरज नाही त्यांच्यावर. लास्लो बिरोने १९३८ साली बॉलपेनचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शाईचं पेन गरजेच्या यादीतून निघून हौसेच्या यादीत गेलं. आज ते घेणारे तीन प्रकारचे. एक, संग्रह करणारे. दोन, कुणाला तरी भेट देणारे. तीन, नव्याने नाद लागलेले, ज्यांचा नाद वर्षभरात एक तर वाढतो नाही तर विझतो. हौसेची वस्तू हात आखडला की सगळ्यात आधी यादीतून कटते आणि भेटीची वस्तू वर्षातल्या ठरावीक आठवड्यांतच खपते. भाडं मात्र बारा महिने सारखं.

‘आम्ही आहोत’ म्हणणाऱ्या ३०० जणांची झडती घेण्याआधी स्वतःची घ्या. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही पेन, शाई, कागद काय काय घेतलंत ते सगळं लिहून काढा. प्रत्येकापुढे लिहा: कुठून घेतलं, पूर्ण किमतीला की सवलतीत, नवं की वापरलेलं. बाहेरून मागवलेलं किती, ग्रुपवरच कुणाकडून घेतलेलं किती, मध्यरात्री सेल लागला म्हणून फोनवरून मागवलेलं किती. मग बघा, तुमच्या मनातलं दुकान तुमच्या घराजवळ असतं तर यातल्या किती गोष्टी तुम्ही तिथून, पूर्ण दाम देऊन घेतल्या असत्या. पेनवेड्यांमधल्या सगळ्यात वेड्या बाईचा हा आकडा. इतरांचा याहून कमीच असणार. आणि ३०० मधले तुमच्या शहरात राहतात किती, तेही मोजा.

आता दुसरी बाजू. किंमती मी सांगत नाही, त्या तुमच्या तुम्हाला माहीत. तुमचं सरासरी बिल म्हणजे एक माप धरू. भाडं, वीज, कर्जाचा हप्ता, विमा, मदतीला ठेवलेलं माणूस आणि तुमचा स्वतःचा पगार (हो, तोही, तो सोडून केलेला हिशेब म्हणजे स्वतःला फुकट राबवून घेणं) हे मिळून महिन्याला १४० मापं लागतात असं समजा. प्रत्येक बिलातून मालाचे पैसे गेले की ३५ टक्के तुमच्याकडे राहतात. १४० भागिले ०.३५, म्हणजे महिन्याला ४०० बिलं. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं, तर दिवसाला पंधरा-सोळा बिलं. तेव्हा कुठे ना नफा ना तोटा.

आत आलेला प्रत्येक जण घेतोच असं नाही. अशा दुकानात तर नाहीच. बहुतेक लोक बघायलाच येतात. चारातला एक घेतो असं उदारपणे धरलं तरी रोज ६० माणसं आत यायला हवीत. दहा तासांत ६०. दर दहा मिनिटांनी दार उघडायला हवं. वर्षाची बिलं ४,८००. एक नेहमीचं गिऱ्हाईक वर्षातून चारदा येतं धरलं तर अशी १,२०० माणसं हवीत. तुमच्याकडे ३०० आहेत, तीही ग्रुपवर.

१४० आणि ३५ हे आकडे माझे, उदाहरणापुरते. तुमचे खरे आकडे तुम्ही घाला. भाडं निम्म्यावर आलं की चित्र बदलेल, सरासरी बिल मोठं असलं तर आणखी बदलेल. पण उत्तर काढल्याशिवाय फळ्यांच्या लाकडाचा विचार करू नका.

एका ठिकाणी हिशेबातली पक्की माणसंही काउंटरमागे गेली की घसरतात. १०० ला आणलेली वस्तू १५० ला विकली की ‘पन्नास टक्के सुटले’ असं वाटतं. विक्रीच्या मानाने ते ३३ टक्केच. खर्च भागवायचा असतो तो विक्रीतून, म्हणून हिशेब ३३ चा. आता ग्रुपमधली ओळखीची मैत्रीण आली आणि म्हणाली, ‘आपल्याला काही कमी नाही का?’ तुम्ही दहा टक्के सोडले. वस्तू १३५ ला गेली, हातात राहिले ५० ऐवजी ३५. दहा टक्के सवलतीत नफ्याचे तीस टक्के गेले. तेवढाच नफा परत मिळवायला ४३ टक्के जास्त माल विकावा लागेल. आणि ‘आम्ही आहोत’ म्हणणारी माणसंच पहिल्या आठवड्यात सवलत मागतील, हे मी लिहून देते. वाईट म्हणून नाही मागत ती. आपलं माणूस म्हणून मागतात.

आता मालाबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं दुकान इथेच बुडालं.

संग्रह करणाऱ्याची नजर आणि दुकानदाराची नजर यांचं वैर असतं. तुम्हाला दिसतं एक पेन. दुकानदाराला दिसतात सहा रंग आणि चार जाडीच्या निबा, म्हणजे एकाच मॉडेलचे २४ नग. एवढे भरले नाहीत तर गिऱ्हाईक नेमकी मिडियम निब निळ्यात मागणार आणि तुमच्याकडे ती हिरव्यात असणार. भरले तर २४ मधले सहा खपतात आणि अठरा तुमच्याकडे बघत बसतात. अशी दहा मॉडेलं म्हणजे २४० नग, आणि दहा मॉडेलांच्या दुकानाला तुमच्या ग्रुपमधलं कुणी दुकान म्हणणार नाही. शाईचंही तेच. एकेका कंपनीचे तीस-चाळीस रंग, सगळे सुंदर. पण पुन्हा पुन्हा खपतात निळी, काळी आणि निळी-काळी. तुम्हाला स्वतःला आवडणारी ती चकाकणारी, निब तुंबवणारी जांभळी शाई महिन्याला एक जाईल. कदाचित तुम्हीच घ्याल.

माझ्याकडे चित्रकलेचा हातकागद होता. मला तो इतका आवडायचा की मी एकदम वर्षभराचा मागवला, कारण ठोक व्यापाऱ्याची किमान मागणी तेवढी होती आणि जास्त घेतलं तर दर थोडा उतरत होता. दर उतरला, कागद उरला. तीन वर्षांनी कडा पिवळ्या पडल्या तेव्हा मी तो अर्ध्या किमतीत काढला. त्या तीन वर्षांत माझ्या वहीत नफा दिसत होता आणि खात्यात पैसे नव्हते. नफा फळीवर होता. तुम्ही ताळेबंदात मालसाठ्याची ओळ रोज बघत असाल. ती ओळ झटकायला रोज फडकं लागतं, हे ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून मालाकडे ‘किती टक्के सुटतात’ एवढंच बघू नका, वर्षातून किती वेळा फिरतो तेही बघा. १०० गुंतवून ५० सुटणारा माल वर्षातून दोनदा फिरला तर १०० कमावतो. एकदाच फिरला तर ५०. फक्त ३० सुटणाऱ्या पण वर्षातून पाच वेळा फिरणाऱ्या साध्या वह्या त्या दोघांनाही मागे टाकतात: १५०. तुमच्या स्वप्नातल्या दुकानात साध्या वह्यांचा गठ्ठा नाही, मला माहितीये. असू द्या तिथे. भाडं तोच भरणार आहे.

पुरवठादाराशी बोलताना तीन गोष्टी आधीच विचारा: किमान मागणी किती, न खपलेला माल बदलून मिळतो का, पैसे कधी द्यायचे. नव्या दुकानाला बहुतेक जण रोख आगाऊ मागतात. ३० दिवसांची उधारी ओळख झाल्यावर मिळते. म्हणजे सुरुवातीला तुमचं खेळतं भांडवल तुम्ही समजता त्याहून जास्त अडकतं. पैसे कमी पडले म्हणून बंद झालेल्या बऱ्याच दुकानांत विक्री बरी असते. माल नको तो भरलेला असतो, आणि हवा तो भरायला गल्ला रिकामा असतो.

गाळ्याबद्दल थोडक्यात. तीन वर्षांचा करार म्हणजे ३६ महिन्यांचं भाडं देण्याचं वचन. माझ्या नजरेत ते तुमच्या कर्जापेक्षा मोठं कर्ज आहे, फक्त बँकेच्या कागदावर दिसत नाही. वर्षभरात दुकान बंद करायची वेळ आली तर उरलेल्या २४ महिन्यांचं काय, हे करारात कुठे लिहिलंय ते शोधा. मधेच सोडता येण्याचं कलम नसेल तर ते घालून घ्या. घालत नसतील तर सोडून द्या. एक वर्षाचा करार आणि पुढे वाढवायचा हक्क तुमच्याकडे, असं मिळालं तर उत्तम. व्यक्तिगत हमी म्हणून सही मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उघडू नका. आणि फळ्या, दिवे, फरशी यांवर घातलेला पैसा परत येत नाही हे धरूनच चाला. जाताना फर्निचर भंगाराच्या भावाने जातं. माझं गेलं.

शिवाय तुम्हाला कोपरा हवाच कशाला? कोपऱ्याचं भाडं असतं ते जाता जाता आत डोकावणाऱ्यांसाठी. शाईच्या पेनाचं गिऱ्हाईक जाता जाता येत नाही, शोधत येतं. ते पहिल्या मजल्यावरही येईल, आतल्या गल्लीतही येईल. हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९२९ मध्ये एक निबंध लिहून दाखवलं होतं की स्पर्धक विक्रेते एकमेकांच्या जवळ का सरकत जातात. त्याचं गणित बाजूला ठेवा, पण जवळ असण्याचा फायदा तुमच्यासारख्यांना होतो. पुस्तकांचं दुकान, चित्रसाहित्याचं दुकान, चष्म्याचं दुकान यांच्या शेजारची गल्लीतली लहान खोली तुम्हाला त्या काचेच्या कोपऱ्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक देईल. खात्री करायची असेल तर दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी तासभर उभ्या राहा आणि माणसं मोजा. किती गेली ते नको, किती थांबली ते.

ऑनलाइनचं तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तुमच्या खिडकीशी बसून लोक चार निबा लिहून बघतील, ‘विचार करते’ म्हणतील आणि जिन्यातच फोनवर मागवतील. चिडून उपयोग नाही. फोनवर जे मिळत नाही ते विकायचं. निबेचे दोन दात वरखाली झालेत, टोक कागद खरवडतंय, शाई मधेच तुटतेय, वीस वर्षं पडून असलेल्या आजोबांच्या पेनात शाई वाळलीये: हे दुरुस्त करून देणारा हात किती जणांकडे आहे? तुमच्याकडे आहे का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तुमच्या दुकानाचा सगळ्यात किफायतशीर भाग तोच, कारण त्याला साठा लागत नाही. नसेल तर पुढचे सहा महिने ते शिकण्यात घालवा. दुकान काढलं नाही तरी तुमच्या १४० पेनांचं भलं होईल.

आता मंगळवार दुपारबद्दल. दुकानाचं स्वप्न बघणारे सगळे जण शनिवार संध्याकाळ बघतात. माणसं आहेत, गप्पा आहेत, कुणी पहिल्यांदा शाईचं पेन हातात घेऊन हसतंय. तशा संध्याकाळी येतात, खोटं नाही. पण दुकान म्हणजे मुख्यतः मंगळवार दुपार. सकाळपासून बोहनी नाही. एक जण येतो, पत्ता विचारतो. एक जण रिफिल मागतो. तुम्ही धूळ पुसता, काल पुसलेलीच. आजारी पडायचं तर शटर खाली. लग्नाला जायचं तर शटर खाली. एकटीने आठ-दहा तास बसण्याचा तुमचा स्वभाव आहे का? हिशेब खात्यात बरोबर बसणाऱ्या माणसांची आठवण तुम्हाला किती येईल? आणि संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःसाठी पेन भरावंसं वाटेल का? मी दुकान काढल्यावर चित्रं काढणं थांबलं. ते पुन्हा सुरू झालं, दुकान बंद झाल्यानंतर. यावरून तुम्ही घाबरावं असं नाही, पण तुमचा नाद तुम्हाला किती प्यारा आहे हे एकदा तपासा.

धंदा सुरू करणाऱ्याला सगळं चांगलंच दिसतं, हा फक्त तुमचा-माझा दोष नाही. १९८८ साली कूपर, वू आणि डंकेलबर्ग या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्याने धंद्यात पडलेल्या २,९९४ जणांना त्यांनी विचारलं होतं, तुम्ही यशस्वी व्हाल याची शक्यता किती? ८१ टक्के लोकांनी दहात सात किंवा त्याहून जास्त सांगितली. तिसरा हिस्सा लोक म्हणाले, दहापैकी दहा. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं वेगळं सांगतात: नव्या धंद्यांपैकी पाचातला साधारण एक पहिल्या वर्षात बंद होतो, आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्मे. हे सगळ्या प्रकारच्या धंद्यांचे आकडे आहेत आणि निम्मे टिकतात हेही त्यात आहे. पण टिकलेल्या निम्म्यांत आपणच असणार असं वाटणं हे काही भांडवल नव्हे.

म्हणून बंद करायची रेघ उघडण्याआधी आखा. माझ्याकडे ती नव्हती. पाचव्या वर्षी विक्री घसरायला लागली तेव्हा मी म्हटलं, पुढचा हंगाम बघू. तो गेला, मग म्हटलं, एवढं घातलंय तर आता कसं सोडायचं. त्या ‘एवढं घातलंय’ पायी मी सव्वा वर्ष दर महिन्याला घरातून भाडं नेऊन भरलं. ज्या दिवशी शटर शेवटचं ओढलं त्या रात्री मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. तुम्ही कागदावर लिहा: एकूण अमुक इतके पैसे गेले, किंवा अमुक महिन्यांत रोजची बिलं अमुक आकड्याला पोचली नाहीत, तर बंद. त्यावर सही करा आणि तो कागद नवऱ्याकडे द्या.

नवऱ्याचं निघालंच आहे म्हणून. ‘तुझं तू ठरव’ याचा अर्थ ‘कर’ असाही होतो आणि ‘बुडालीस तर मला विचारू नकोस’ असाही. अंदाज बांधत बसू नका. भावना विचारू नका, पैसे विचारा. तुमचा पगार दीड वर्ष आला नाही तर घर कसं चालेल? कर्जाचा हप्ता कोण भरेल? म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, यावर आपण दोघं ठाम आहोत का? कागद-पेन घेऊन बसलात की ते बोलतील. बऱ्याच घरांत लोक मताबद्दल गप्प असतात, आकड्यांबद्दल नसतात.

तर माझं मत. या गाळ्यात, या करारावर, कर्ज काढून: नाही. पेनांचं दुकान मुळातच नको, असं मात्र म्हणत नाही. आधी दुकानाशिवाय दुकान चालवून बघा, नोकरी न सोडता, सहा महिने. शाईच्या तीन-चार चांगल्या बाटल्या घ्या, पाच-पाच मिलीच्या कुप्या भरून नमुने म्हणून विका. पेनवेडे नमुन्यांवर जीव टाकतात हे तुम्ही जाणता. सुट्टीच्या दिवशी एखाद्या प्रदर्शनात टेबल घ्या. एखाद्या पुस्तकांच्या दुकानात विक्रीवर ठरावीक टक्के देऊन एक फळी मागा. निब दुरुस्तीची कामं घ्या. जमलं तर दुसऱ्या कुणाच्या दुकानात शनिवार-रविवार काउंटरला उभ्या राहा. कोणतंही दुकान चालेल. आणि एक वही ठेवा. तिच्यात फक्त अनोळखी माणसांची नोंद करायची. ओळखीचे, ग्रुपमधले, नात्यातले लिहायचेच नाहीत. ज्याने पूर्ण दाम दिलं आणि नंतर पुन्हा येऊन पुन्हा पूर्ण दाम दिलं, त्याच्या नावापुढे टिंब द्या.

सहा महिन्यांनी टिंबं मोजा. दहा-बारा असतील तर तुमच्याकडे एक छान नाद आहे आणि वरखर्चाचे थोडे पैसे. शंभराच्या पुढे असतील तर मला पुन्हा लिहा, तेव्हा आपण खोलीचं भाडं आणि फळ्यांचं लाकूड दोन्ही बोलू.

राहिला शेवटचा प्रश्न, संग्रहातली पेनं. विकायला ठेवू नका. वाईट महिन्यात तुम्ही त्यांतलं एक काढाल, भाड्यापुरतं, मग दुसरं, आणि जमाखर्चाच्या वहीत ती विक्री म्हणून दिसेल. महिना चांगला गेला असं वाटेल. टेबलावर लिहून बघायला मात्र खुशाल ठेवा. कुठल्या निबेने कशी रेघ येते हे काचेआडच्या नव्या पेनापेक्षा तुमच्या वापरातलं पेन चांगलं सांगेल. सगळ्यात आवडती पाच-सहा तेवढी घरी राहू द्या. लोक निब दाबून लिहितात हो.

– तुमची ताई